छेडू नये

एलिनेड बाई, तुमची टॉफीची डबी सापडली.
तीच, झाकणावर निळा बोका.
आत पितळी टाचण्या, चपट्या डोक्याच्या,
हलवली की अजून खडखडतात.

शाळा बंद होऊन आज अकरावा दिवस.
कुलूप मीच लावलं.
सत्तावीस वर्षं रोज संध्याकाळी लावत आलो,
पण त्याला आम्ही कुलूप म्हणत नव्हतो,
उद्याची तयारी म्हणायचो.

आधी छताचं निघालं.
कार्डिफहून इफ्रा नावाची मुलगी आली,
शिडी, विजेरी, सोनाराची असावी तशी हातोडी.
हॉलच्या छताचा एक कपचा माझ्या तळहातावर ठेवून म्हणाली,
दाबा.
दाबला. टोस्टसारखा चुरला.
आत नुसती जाळी.
"काँक्रीटच आहे," ती म्हणाली, "पण हवा भरलेलं.
तीसेक वर्षं धरायची याची."
दारावरच्या पाटीवर एकोणीसशे अडुसष्ट आहे.
वजाबाकी तिनेही केली नाही, मीही नाही.

त्या छताखाली पन्नासावर नाताळ झाले.
चादरी गुंडाळलेले मेंढपाळ, पुठ्ठ्याचे पंख,
एका वर्षी देवदूताला शिंक आली
आणि सगळा हॉल हसला, आठवतं?
ते हसू वर कशाला जाऊन लागलं,
आता विचार करवत नाही.

मला अगदीच माहीत नव्हतं असं नाही.
पिवळा डाग होता, आधी बशीएवढा, मग ताटाएवढा.
मी खाली बादली ठेवायचो.
झाडूच्या दांड्याने ठोकायचो तर आवाज भद्द यायचा,
आतून गेलेल्या भोपळ्यासारखा.
कौन्सिलला तीनदा लिहिलं.
तिसऱ्या पत्राला उत्तर आलं: रंग द्यावा.
दिला.

मग भिंतींचं.
नोंदवहीत तुमची खोली आहे, बाई. पान नऊ.
'खोली चार. फळ्याच्या दोन्ही बाजूंचे तक्ते. अ‍ॅस्बेस्टॉस.
स्थिती चांगली. छेडू नये.'
झाकली मूठ.
वही ऑफिसच्या कपाटात होती,
कपाटाची किल्ली माझ्या जुडग्यात होती,
दर सुट्टीत मी वहीवरची धूळ पुसून
वही होती तिथे ठेवत आलो.

आणि तुम्ही दर शुक्रवारी जुनी चित्रं उतरवायच्या,
नवी लावायच्या, अंगठ्याने टाचणी दाबून.
ड्रॅगन, डॅफोडिल, कुणाची तरी आजी, आमची नदी
(नदी कायम निळी; निळी ती कधीच नव्हती).
टाचणी निघाली की चिमूटभर पांढरं पडायचं.
तुम्ही भोकावर फुंकर घालायच्या,
पोराच्या खरचटलेल्या गुडघ्यावर घालावी तशी.
मग मी यायचो. झाडायचो. कोरडंच.
उन्हाच्या पट्ट्यात ते तरंगत राहायचं
आणि पोरं टाळ्या वाजवून पकडायची.

तुमच्या छातीत पाणी होतंय, असं तुमचा ग्विलिम सांगत होता.
डॉक्टरांनी विचारलं, गोदीत होता का? बॉयलरवर?
आणि तुम्ही म्हणालात,
नाही, बालवर्गावर.

उद्या पांढऱ्या पोशाखातली माणसं येतील.
खोली चार प्लास्टिकने बांधतील, नळीने हवा ओढतील.
काय काय आत राहिलंय त्याची यादी मागितली आहे.
यादीत मी डबी लिहिली नाही.
दोन पिशव्यांत घालून गाठ मारली आहे,
गॅरेजमध्ये वरच्या फळीवर.
चुकलंच. देईन सकाळी.

रग्बीच्या मैदानावर पत्र्याच्या खोल्या आल्यात.
नव्या बाई तरुण आहेत, चुळबुळ्या.
म्हणाल्या, चित्रं कशावर लावू?
मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधली,
घरून कपड्यांचे चिमटे आणले.
दार उघडलं की सगळी एकदम हलतात,
ड्रॅगन, आज्या, तीन निळ्या नद्या.

त्या म्हणाल्या, भिंतीपासून इतकी लांब का?
मी म्हणालो,
वाळू देत.