अर्धी चौकट

ओकायाच्या थंडीत बोटं माणसाआधी म्हातारी होतात.
म्हणून टेबलावर कोमट पाण्याची वाटी,
शेजारी चिमटा, सुईएवढे पेचकस,
आणि औषधाच्या बाटलीच्या झाकणात
सात स्क्रू. सातच.
शिंक आली तर आधी झाकणावर हात,
मग शिंक.

मला मोठ्या वस्तू आवडत नाहीत.
पियानो, भाषणं, लग्नाचे हॉल.
बोटाच्या पेराएवढा शिक्का आवडतो,
त्यात अख्खं आडनाव मावतं.
आई इथल्याच गिरणीत रेशमाचे कोष उकळायची.
म्हणायची, शेंगेएवढी वस्तू, आत किलोमीटरभर धागा,
उलगडणाराच दमतो.
सतराव्या वर्षी मी कारखान्यात भिंगं बसवायला लागले,
तेव्हा कळलं नाही
की ती माझ्याच कामाबद्दल बोलत होती.

परवा होक्काइदोहून डबा आला.
जेवणाच्या फडक्यात गाठ मारून बांधलेला कॅमेरा,
साबणाच्या वडीएवढा, वडीसारखाच कडांनी झिजलेला.
पाठवणारी हिसानो कुशिबिकी. चिठ्ठीत तीन ओळी:
यजमानांचा आहे.
दीपगृहावर असायचा.
आता भर दुपारीही जीभ दाखवतो.

जीभ दाखवणं हा या जातीचा स्वभावच.
उजेड कमी पडला की आत लाल पट्टी वर येते
आणि खटका दबत नाही. नाही म्हणजे नाही.
बॅटरी लागत नाही याला. भिंगाभोवती
पोळ्यासारखी खवल्याखवल्यांची काच,
पडेल त्या उजेडावर गुजराण करणारी.
बहुतेकांची एव्हाना आंधळी झालेली असते.
मी खिडकीशी नेला. तळं गोठून लखलखत होतं.
काटा हलला,
झोपेत कुणी कूस बदलावी तेवढाच.
म्हणजे डोळा शाबूत. सांध्यात मीठ.

आत रोल होता. आकडा एक्केचाळीसवर अडलेला.
छत्तीसच्या रोलवर हा बहात्तर काढतो,
एका चौकटीत दोन, उभे, शेजारी शेजारी.
काटकसरी लोकांचा कॅमेरा.
अंधारात काढला, धुतला. निम्मा धुकंच निघाला.
उरलेल्यात घडीचं टेबल, घडीची छत्री,
भिंतीत घडी होणारं अंथरूण,
आणि त्या एवढ्याशा खोलीवर
माणसापेक्षा उंच दिव्याचं भिंग,
त्यात पुसणारा नवरा उलटा.

कड्यावर दोघंच. तिसरं माणूस
महिन्यातून एकदा बोटीने यायचं, रॉकेल आणि मुळे घेऊन,
आणि त्याला परतायची घाई.
म्हणून तो तिचा फोटो काढायचा,
मग कॅमेरा तिच्या हातात देऊन
तिच्या जागी जाऊन उभा राहायचा.
एवढंच असेल असं वाटलं आधी.

मग पट्टी दिव्यावर धरली.
ती चौकटीच्या मधोमध नाही, कडेला सरकलेली,
खांदा जरा कललेला, शेजारी कुणी असल्यासारखा.
पुढच्या अर्ध्यात तो, दुसऱ्या कडेला,
हात लांब केलेला, पंजा कडेवर तुटलेला.
मध्ये केसाएवढी रेघ.
रेघेपलीकडे तिचा खांदा.
वीस वेळा. बर्फात, वाळत घातलेल्या मासळीसमोर,
एकदा दोघंही डोळे मिटलेले.

दुकानांत असे रोल कापूनच छापतात,
एकेक वेगळा. त्यांनी कुणाला सांगितलंही नसेल.
मी कात्री खाली ठेवली.
वीस फोटो छापले, न कापता.

एक्केचाळीसावा तिचा एकटीचा.
कडेला सरकलेली, खांदा कललेला.
शेजारी कोरं.
बोट आली असेल, दिवा लावायची वेळ झाली असेल.
मी विचारलं नाही.
तोही तसाच छापला, कोऱ्या अर्ध्यासकट.

बिलात लिहिलं: सफाई, तेल, एक स्क्रू.
चारच्या सुमाराला तळ्यावर अंधारून आलं.
बांधण्याआधी डोळ्याला लावून खटका दाबला.
लाल जीभ.
चला,
बरा झाला.