फाल्गुनातलं हिव

होळी पेटून नऊ दिवस झाले
तरी सांदवाडीत सकाळी बोटं वळत नाहीत.
होळी जळाली, थंडी पळाली, असं म्हणतात.
पळाली असेल, पण फार लांब नाही;
पळसाच्या आडोशाला बसली आहे,
तो वरून लालभडक
आणि खाली मी, नवऱ्याच्या स्वेटरात,
झारी घेऊन.

ढेमसं उगवलीत.
दोन-दोन पानं, आणि काहींच्या डोक्यावर
बियाचं टरफल अजून टोपीसारखं.
ते मी काढत नाही.
ज्याचं त्यानं काढावं.

निकिताचा वर्ध्याहून फोन :
आई, मंगळवारी अकरा डिग्री दाखवते, झाकून ठेव.
झाकलं.
दोन लुगडी, खताच्या गोण्या,
सासऱ्यांचं एक धोतर, जे कशालाच होत नव्हतं.
मंगळवारी रात्री कुत्रंसुद्धा अंगणात पाय पसरून झोपलं.
बुधवारसाठी म्हणे निरभ्र, उबदार.
काढलं.
बुधवारी पहाटे असं हिव वाजलं
की कारल्यानं माना टाकल्या,
सांबार तेवढा उभा,
त्याला काहीच कळत नाही.

गुंफाबाई कुंपणाच्या तुराट्यांवरून डोकावते :
काऊन वं, झाकतं कायले?
टिटवीनं अंडे खोलात घातले, पानी येत नाही.
दुसऱ्या दिवशी :
मुंग्या भितीवर चढून राहिल्या, झाक बाप्पा, झाक.
तिचाही अंदाज रोज फिरतो.
फरक इतकाच, फिरवताना ती चहा पिते
आणि माझं ऐकूनही घेते.

शुक्रवारचा निरोप :
मेघगर्जनेसह पाऊस,
तुरळक ठिकाणी गारा.

मी या गावात चौतीस वर्षं आहे.
मोर्शीच्या बाजाराला गेले, वरूडला गेले,
लग्नाकार्याला पार काटोलपर्यंत.
तुरळक हे ठिकाण मला अजून लागलेलं नाही.
एसटीच्या पाटीवर नाही,
कुणाची सून तिथली नाही.
पण दर फाल्गुनात गारा पडतात त्या तिथेच,
आणि दर फाल्गुनात मी लुगडी घेऊन
ते आपलंच गाव असेल म्हणून बसते.

रागवत नाही मी त्यांच्यावर.
वरणात मीठ मीही अंदाजानंच टाकते.
जेवणारा गप्प राहिला की समजते,
उद्या चिमूटभर कमी.

शनिवारी चारच्या सुमारास
उत्तरेकडे आभाळ वांग्यासारखं झालं.
वारा आला, टिनं वाजली,
एक धोतर उडून गोठ्यावर गेलं.
मी दारात उभी, हातात विळा, कशाला ते आठवत नाही.
आमच्याकडे
सात थेंब.
मोजले. आठवा बहुतेक बकरीचा होता.

संध्याकाळी नाल्यापलीकडून पोट्टे ओरडत आले
आणि तुरळक सापडलं.
देवाजीची वाडी, पाचशे पावलांवर.
त्यानं काही झाकलं नव्हतं,
त्याच्या फोनवर त्या वेळी सूर्य होता.
दोडक्यांचे वेल जमिनीत रुतलेले,
भेदरं फुटून लाल चिखल,
आणि तो मधोमध बादली घेऊन उभा.
अर्धी बादली जमल्या, म्हणाला,
पोट्ट्यांनी साखर टाकून खाल्ल्या,
तुमच्यासाठी ठेवल्या होत्या, वहिनी,
पण त्या काही थांबत नाहीत.

मी हसले, मग मला हसल्याचं वाईट वाटलं,
मग तोही हसला.

रविवारी चहाच्या कागदी पेल्यांत
वीस ढेमसं नाला ओलांडून गेली.
एकाची टोपी वाटेतच पडली.

आज दुपारी सदतीस.
फोन म्हणतो, आठवडाभर असंच.
गुंफाबाई म्हणते, असंच.
टिटवीचं माहीत नाही.
लुगडी वाळली आहेत,
पण घडी करून पेटीत नाही ठेवली,
ओसरीच्या खुंटीवर आहेत,
हात पुरेल एवढ्या उंचीवर.