दीड इंच

कुर्ल्याला, भंगारवाल्यांच्या मागच्या गल्लीत
जिप्सी उभी आहे नाक उतरवून.
नवा बंपर गोणपाटावर आडवा पडलाय,
बूट न काढता झोपलेल्या पाहुण्यासारखा.

दीड इंच, इद्रूसभाई म्हणतात,
चासीची शिंगं दीड इंच जास्त पुढं येतात.
बंपर कापला तर त्याचा जोर जाणार,
आणि चासी कापली तर...
वाक्य तिथंच सोडून ते खडू शोधतात.

मी म्हटलं, कापा.
सातशे सीसीच्या ठसक्यात म्हटलं,
तळहात मात्र बॉनेटवरून उचलेना.

त्यांनी रॉकेलचा बोळा फिरवला.
उजव्या शिंगावर, गंजाखालून, वर आला
एक जुना सांधा,
सुरवंटासारखा, ओबडधोबड.
कागदोपत्री मी तिसरी मालकीण.
आधीच्या दोघांपैकी कुणीतरी
कुठंतरी जोरात आदळलं होतं,
आणि विकताना त्यावर काळा रंग मारला होता.

मी चिडायच्या बेतात.
इद्रूसभाई सांध्यावर नख ओढतात:
"हात बरा व्हता गो बाय ह्याचा. घाईत व्हता, इतकंच."
आणि रेघ सांध्याच्या अलीकडे आखतात,
त्याला धक्का न लावता.
वरून एक पट्टी मारू म्हणतात, आधाराला.

मग ग्राइंडर. ठिणग्या गटारापर्यंत.
कापलेले दोन तुकडे अजून गरम,
मी रुमालात गुंडाळून घेतले, का ते माहीत नाही.

संध्याकाळी तीन बोल्ट सरळ बसले.
चौथा अडलाय.
इद्रूसभाई नमाजाला गेलेत
आणि मी कानस घेऊन भोक वाढवत बसलेय,
केसाकेसानं.