उन्हाची पाळी

आमच्या मळ्यात आता ऊन सव्वाअकराला येतं
आणि दीडला जातं.
दीडनंतर आल्तिन्योची सावली, ती बापजाद्यांपासूनची,
टेकडीबद्दल कुणाची तक्रार नाही.
सकाळ मात्र नव्या इमारतीनं घेतली. नऊ मजले.
फलकावर लिहिलंय: हेरिटेज व्ह्यू.
म्हणजे आम्ही.
माझी कौलं, एस्पेरान्साचा बल्कांव,
दोरीवरचे परकर.

अर्ज तीन दिले. पोच मिळाली.
पोचेवरचा शिक्का फार ठळक उठला होता.

मग मे आला, पुरुमेंताचा,
आणि आम्ही कॅलेंडरच्या पाठीवर पाळ्या लिहिल्या:
सोमवारी माझी सोलं,
मंगळवारी एस्पेरान्साचे खारे बांगडे,
बुधवारी ज्याच्या त्याच्या गाद्या.
कारापूरकरांच्या बाळंतिणीला रोज अर्धा तास,
तिला कुणी वार विचारायचा नाही.
सगळं एस्पेरान्साच्या परसात, विहिरीकडेला,
ऊन तेवढंच पोचतं म्हणून.
एकदा भांडलो. माझ्या सोलांना मासळीचा वास,
तिच्या लादीला माझ्या आगळाचे डाग.
दोन दिवस बोललो नाही.
पाळी कुणी मोडली नाही.

पबित्र, तिथला वॉचमन, ओडिशाचा,
वरून बघत असावा.
खाली येऊन म्हणाला, मावशी, गच्चीवर दिवसभर ऊन.
फ्लॅट सगळे विकलेले, माणसं डिसेंबरात येतात.

सोमवारी सूप छातीशी धरून लिफ्टच्या आरशात उभी राहिले,
चोरी करायला निघाल्यासारखी.
वर ऊनच ऊन. वाटून घ्यायला कुणी नाही.
सोलं पसरली आणि कठड्याशी गेले.
साठ वर्षांत माझं छप्पर मी वरून पाहिलं नव्हतं.
चार पावसाळे गळणारं कौल तिथून लगेच दिसलं,
धुराड्यापासून तिसरं, कोपरा उडालेलं.
आणि पलीकडे परसात
एस्पेरान्साचा आग्नेल टेपचं टोक धरून उभा,
दुसरं टोक घेऊन एक अनोळखी पांढरा शर्ट
मागे मागे जात होता, विहिरीपर्यंत.
माझी पाळी रिकामी, म्हणून तिनं बांगडे घातले होते.
टेप त्यांच्यावरून गेली.

मी सोलं उलटली. एकेक.

संध्याकाळी तिनं विचारलं, वरून काय दिसतं गो?
म्हटलं, माझं फुटकं कौल.
उद्या तुझी पाळी, येतेस वर?
ती बांगड्यांवरची माशी हाकत राहिली.
नको, म्हणाली,
मला खालचं पुरतं.