जाहीरनाम्याचे खिळे

धुळ्याच्या छापखान्यात मी खिळे जुळवायचो.
खिळ्यावर अक्षर उलटं असतं.
सात वर्षांत त्याची इतकी सवय झाली
की बाजारातल्या पाट्याच मला चुकलेल्या वाटत.

त्या चैत्रात शिरस्तेदार जयवंतराव आले,
बगलेत खर्डा. मथळा ठळक हवा:
“तापीच्या उत्तरतीरीं पड जमीन.
कौलानें मिळेल. पहिलीं पांच सालें सारा माफ,
पुढें इस्तावा. काळी माती, कमरेइतकी.
सरकी सरकार देईल.
आगगाडीचें स्टेशन दोन मजलांवर.
जिनाचा कारखाना घालूं इच्छिणाऱ्या शेटसावकारांस
नदीकांठची जागा निवडून घेण्याची मुभा.”

पहिल्या खर्ड्यात आणखी होतं.
मीच जुळवलेलं, म्हणून आठवतं.
“आश्विनांत थंडीतापाचा उपद्रव”:
ही ओळ त्यांनी नखानं दाखवली, मी चिमट्यानं काढली.
तिथे बसलं “हवा थंड.”
“वाघ आहेत”च्या जागी “शिकारीची उत्तम सोय.”
“भिल्लांचीं सत्तेचाळीस घरें”
इथे ते जरा थांबले,
तपकीर ओढली,
म्हणाले, उखा, असं कर:
“मजूर स्वस्त.”

सत्तेचाळीस घरं दोन शब्दांत मावली.
उरलेले खिळे मी पेटीत परत टाकले,
भ भच्या खणात, ल लच्या.
टपटप वाजतात.

पाण्याचं कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं.
जयवंतराव म्हणाले, मुबलक लिही.

पाचशे प्रती. सुरतेच्या पेढ्यांवर,
रावेर-यावलच्या चावड्यांवर,
बऱ्हाणपूरच्या सराईत.
एक मी घडी घालून टोपीत ठेवली,
रात्री ठगूला वाचून दाखवली.
ती म्हणाली, हाई खरं शे का?
मी म्हणालो, छापेल शे.

वैशाखात निघालो. गाडीत जातं, दोन कोंबड्या,
ठगूच्या मांडीवर कंदील, काच फुटू नये म्हणून.
जमीन काळी होती. कमरेइतकी नव्हती,
पण काळी होती. तीत जळलेल्या सागाची खुंटं,
खुंटांमधून गेल्या सालच्या बंटीची धसकटं.
पड जमिनीत धसकटं कुठून आली, ते मी विचारलं नाही.

धसकटांपलीकडे वेस्त्या उभा.
कागद बघून म्हणाला, यात आमचा पाडा कुठेय? दाखव.
मी बोट फिरवलं. सगळी अक्षरं सुलट,
आणि एकही ओळ मला वाचता येईना.
शेवटी बोट टेकवलं “मजूर”वर. हा, म्हणालो.
तो वाकला. बराच वेळ बघत राहिला.
म्हणाला, बारीक आहे.

आश्विनात हवा थंड झाली.
ठगूवर तीन गोधड्या, वरून मी, तरी दात वाजत.
वेस्त्याची बायको कसलीशी साल उकळून आणायची,
दर तिसऱ्या दिवशी.
पैसे किती, विचारलं
तर वाटी उपडी करून गेली.

जिनासाठी एक भाटिया आला होता, वल्लभजी की काय.
नदीत काठी बुडवली. गुडघाभर.
रात्री त्याच्या तंबूला शिकारीची सोय ऐकू आली असावी,
उजाडायच्या आत गेला.

मग फाल्गुनात पूर्वेकडून तीन गाड्या.
पुढच्या माणसाच्या हातात तोच कागद,
घडीवर फाटलेला, सारा माफ एकीकडे, पुढें इस्तावा दुसरीकडे.
तो वाचत होता स्वतःशी, बोट लावून.
मी समोरून, उलटा वाचला. सगळा. न अडखळता.

पाणी कसं आहे इकडे? त्यानं विचारलं.
वेस्त्या माझ्या बांधावर दोर वळत बसला होता.
त्याचे हात थांबले.
गाडीतलं एक पोर चाकावर पाय ठेवून
उतरू का, उतरू का, विचारत होतं.

मुबलक, मी म्हणालो.