वेढे

सात हजार आठशे वेढे.
तार बेचाळीस नंबरची, माझ्या पिकल्या केसाएवढी.
चिमटीतून धावताना जराशी गरम लागते,
एरवी आपण काही धरलंय हेच कळत नाही.

मकरपुऱ्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं
मी ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल भरल्या.
दवेसाहेब खांद्यामागून टॉर्च मारायचे:
"मंदाबेन, वेढ्याला वेढा चिकटून हवा,
मध्ये हवा राहिली तर गाव जळेल."
गाव कधी जळलं नाही.
माझे दोन मेमो मात्र अजून ट्रंकेत आहेत,
'वाइंडिंग असमान' म्हणून.

आणि आता हा केयूर खरादी,
संखेड्याच्या पाळण्यांवर लाखेची फुलं काढणाऱ्याचा नातू,
नवापुऱ्यात आमच्या खालच्या गाळ्यात
इलेक्ट्रिक गिटारी बनवतो,
महिन्याला दोन, कधी दीडच.
म्हणतो, "मासी, असमानच हवं.
यंत्र भरतं ते सरळ आणि मेलेलं.
तुमचा हात जरा भटकतो ना, तिथंच आवाज राहतो."
मेमोला इतक्या उशिरा कुणी उत्तर देतं?
हात आता जास्तच भटकतो,
हे मी त्याला सांगितलेलं नाही.

लाकूड त्यानं डभोईच्या छोट्या गाडीच्या
मोडीत निघालेल्या डब्यातून आणलं.
बाकाची फळी, अस्सल साग.
रंधा मारून मारून सोनेरी निघाली,
तरी कडेला कुणीतरी खिळ्यानं कोरलेला 'ज' उरलाच.
जयंती, जसोदा, नाहीतर नुसताच जांभईतला ज.
तो त्यानं राहू दिला.

रंग आटत आलेल्या बासुंदीचा.
दिवसाला एक हात, पातळ, श्वास रोखून,
असे सोळा दिवस.
सतराव्या दिवशी माझ्या डोळ्यांदेखत
किल्ल्यांचा जुडगा घेऊन
त्याच गिटारीला झोडपत सुटला.
मी ओरडलेच. नव्या भांड्याला पोचे पाडून कोण विकतं रे?
"गिऱ्हाइकाला जुनी हवी."
कुणाची जुनी?
जी त्याच्या बापाची नाही, काकाची नाही,
जिच्या कडेवर कुणाचा कोपर तीस वर्षं घासला नाही,
तिचं म्हातारपण तू किल्ल्यांनी देणार?
तो गप्प. कान लाल.
मग म्हणाला, "ते खोटं आहे, मासी. वेढे खरे आहेत."

अलकापुरीचे दातांचे डॉक्टर, नाणावटी,
सात महिने दर गुरुवारी येऊन बसले
लीलो चेवडोचा पुडा घेऊन.
घाई नाही म्हणायचे, आणि पाय हलवत राहायचे.
शेवटी तिला मांडीवर घेतलं तेव्हा
माणूस एकदम चौदा वर्षांचा दिसला.
त्या कोरलेल्या 'ज'वर अंगठा फिरवला,
विचारलं काहीच नाही.
चारच कॉर्ड येतात त्यांना. तेच वाजवले, फिरून फिरून.
चांगले होते का, मला काय कळतं.

पण त्याआधी,
वायर जोडली आणि तारांना बोट लागायचं होतं,
तेवढ्यात खोक्यातून हुंकार आला,
तोंड मिटून काढलेला, जाडसर.
केयूर घाईघाईनं म्हणाला,
"सॉरी डॉक्टर, जुन्या पद्धतीची आहे, थोडी घुमणारच."

मी ओळखला त्याला.
आमच्याहून एक सप्तक खाली, पण तोच.
टेस्टिंगच्या शेडमध्ये पहिल्यांदा करंट सोडला की
हाच उठायचा, पायाखालच्या लादीतून चपलेत,
आणि आम्ही अकरा जणी
अर्धे डबे तसेच ठेवून उभ्या राहायचो.
निर्मला परमार म्हणायची, "बोललं गं."
तेल-वार्निशाचा वास. निर्मलाच्या बोटांना कापूस.
आमच्यातल्या कुणाचंच नाव त्या लोखंडावर नव्हतं.

डॉक्टरांनी तारांवर तळवा ठेवला,
घुमणं बसलं.

मी म्हटलं, जरा थांबा.
हात काढा.