रकाना अकरा

ग्रिम्सबीत पहाटे चारला बर्फ येतो,
मग मासे, मग मी.
मी अकोल्याची. मासे खात नाही.
नव्या पोरांना ग्लेनिस माझी ओळख अशीच करून देते,
हातातली सुरी न थांबवता:
'ही हॅडकचा जन्मदाखला लिहिते
आणि हॅडक तोंडाला लावत नाही.'

खरं तर तो मृत्यूचा दाखला.
बोट कोणती, पाणी कुठलं,
जाळ्याचा आस किती मिलिमीटरचा,
पेटीत बर्फ किती अंशांवर होता, किती तास.
सगळं त्या काळ्या चौकटीत गोळा होतं;
लीड्समधल्या एखाद्या ओट्यावर कुणी फोन धरला
की नकाशावर समुद्रात एक ठिपका लुकलुकतो.

मार्चमध्ये 'मॉर्व्हेन' बोटीच्या चव्वेचाळीस पेट्या आल्या
आणि रकाना अकरा कोरा.
जाळं वर ओढल्याची वेळ.
मी पीटरहेडला फोन लावला.
कप्तान कौवी वाऱ्यावर ओरडून बोलला:
'सेन्सर तिसऱ्या दिवशीच मेला, पोरी.
अंधार होता. पाऊस आडवा होता.
चहा झाला होता, एवढं नक्की.
साडेतीन लिही.'

बाहेर ट्रक घरघरत होता.
कोरं सोडलं तर पडदा लाल होतो, पुढे जाऊ देत नाही.
क्रेग म्हणाला, साडेतीनला काय झालंय?
काहीच नाही. चांगली वेळ आहे.
लिहिली. रकाना हिरवा झाला.

मग उगाच वर सरकत गेले,
फेब्रुवारी, जानेवारी, नाताळच्या आधीचं सगळं.
साडेतीन. चार. साडेतीन. साडेपाच. चार.
अख्ख्या उत्तर समुद्रात एकही जाळं
तीन सदतीसला वर आलं नव्हतं.
एवढा वक्तशीर समुद्र!
रात्रपाळीच्या टोमाशची अक्षरं होती त्यापुढे,
माझ्या आधीच्या बाईची होती,
आणि सतरा ठिकाणी माझी.
ती मला आठवतसुद्धा नव्हती.

साडेतीन खोडलं.
ट्रक गेला, त्या चव्वेचाळीस पेट्या सोडून.
क्रेग दोन दिवस माझ्याशी फक्त हवामानावर बोलला.

हलमधल्या ओलामिडेला लिहिलं:
एक बटण हवंय, 'माहीत नाही' असं.
तो म्हणाला, करायला अकरा मिनिटं,
मंजूर व्हायला अकरा आठवडे.
चौदा लागले.
बटण राखाडी रंगाचं आहे.
पहिल्या सोमवारीच नकाशा असा झाला
की हिरवळीवर कुणी राख सांडावी.
वरून पत्र आलं: आपली पारदर्शकता
अचानक कमी कशी झाली?
मी उत्तराचे तीन मसुदे केले.
पाठवला तो सर्वांत छोटा.

ऑगस्टात 'मॉर्व्हेन'ला नवा सेन्सर बसला.
०३:४१. ०७:१८. २२:०९.
कौवीनं आपणहून फोन केला, 'आता खूश?'
मी म्हटलं, चहा कितीला झाला?
तो हसला, किंवा लाट आपटली.

काल दुकानात आमचंच पाकीट दिसलं.
फोन धरला. ठिपका आला. खाली ओळ:
जाळं ओढल्याची वेळ माहीत नाही.
बराच वेळ बघत उभी राहिले,
मागची बाई खाकरेपर्यंत.
पाकीट जागेवर ठेवलं;
मी आले होते भेंडी घ्यायला.
भेंडीच्या पिशवीला काळी चौकट नव्हती.
कोपऱ्यात बारीक छापलं होतं:
उगम, एकाहून अधिक देश.